बाटली पुरली पाहिजे

कोपर (पूर्व), डोंबिवली
आषाढ वद्य द्वादशी

चि. भाचेरावांस,


ताईचा फोन आला होता. तुझ्या कपाटात पुस्तकांच्या मागे तिला दोन बाटल्या सापडल्या, एक निम्मी आणि एक सीलबंद. तिनं त्या जागच्या जागी ठेवल्या, तुला काही बोलली नाही आणि मला म्हणाली, "तूच बोल त्याच्याशी, तुझं ऐकेल." दारूवर मामानं बोलायचं म्हणजे तो काय बोलणार, हे तिला चांगलं ठाऊक आहे, माझं कपाटही तिनं पाहिलेलं आहे. फोनवर तुझं "हो मामा, हो मामा" ऐकण्यापेक्षा कागदावर लिहिलेलं बरं. शिवाय दोन दिवसांवर दिव्याची अवस आलीय. आपल्या ठाणे जिल्ह्यात तिला काय म्हणतात आणि ती कशी साजरी होते, हे तुला सांगायला नको. तुमच्या ऑफिसची मंडळी येऊरच्या कुठल्याशा बंगल्यावर बसणार आहेत, ही बातमीही मला ताईकडूनच मिळाली. आईला काही कळत नाही, असं समजू नकोस.

"घेऊ नकोस" असं मी लिहिणार नाही. तो अधिकार मला नाही. "थोडी घेतली तर हृदयाला बरी" असंही लिहिणार नाही, कारण ते खोटं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं मद्याला १९८८ सालीच कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आणि २०२३ च्या जानेवारीत संघटनेनं स्पष्टच सांगितलं, की मद्याचं कुठलंही प्रमाण निर्धोक नाही. तेव्हा औषध म्हणून घेतो, झोपेसाठी घेतो, असल्या पळवाटा काढायच्या नाहीत. ही चैन आहे. चैन म्हणून करायची असेल तर नीट शिकून करावी, एवढंच माझं म्हणणं. आणि शिकल्याची खूण एकच: पूर्वी एका बैठकीत संपणारी बाटली पुढे महिनोन्‌महिने पुरायला लागते. ज्याची पुरत नाही, तो कितीही नावं घेवो, त्याला व्हिस्की कळलेली नसते.

आधी कायद्याचं बघू. तुला पंचविसावं पूर्ण झालं म्हणून हे पत्र तरी लिहिता येतंय. महाराष्ट्रात बीअर-वाइनला २१ पूर्ण लागतात आणि व्हिस्की-रमसारख्या कडक मद्याला २५. आपला कायदा मुळात दारूबंदीचाच आहे, १९४९ सालचा. त्यात सवलत म्हणून परवाना मिळतो, आणि कायद्यानं तो प्रत्येक पिणाऱ्याकडे असायला हवा. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना ५ रुपयांचा, वर्षाचा १०० रुपयांचा आणि आजन्म परवाना १००० रुपयांचा. वाइन शॉपवाला विचारत नाही म्हणून लोक काढत नाहीत. तू आजन्म परवाना काढ. घरात बाटली ठेवणाऱ्यानं तेवढं करावं.

गोव्याहून येताना बॅगेत बाटल्या कोंबून आणायच्या नाहीत. तिथं ती स्वस्त मिळते, पण फक्त गोव्यात विक्रीसाठी असलेली बाटली परवान्याशिवाय सावंतवाडीच्या अलीकडे आणली की गुन्हा होतो. इथंही ओळखीतल्या कुणीतरी "ड्यूटी-फ्रीची आहे, निम्म्या भावात देतो" म्हणून आणलेली घ्यायची नाही. भारी स्कॉचच्या रिकाम्या बाटल्यांना भंगारात चांगला भाव येतो, तो काही काचेसाठी नाही. त्यात हलका माल भरून बूच पुन्हा लावणारे पुष्कळ आहेत. म्हणून आपली बाटली संपली की लेबल खरवडायचं, झाकण वेगळं फेकायचं, मगच ती भंगारवाल्याला द्यायची. खात्री नसलेल्या मालानं काय होतं ते आठव: २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी गावठी पिऊन शंभरावर माणसं दगावली. तो मिथेनॉलचा प्रकार होता. मिथेनॉल वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही, हे एमआयडीसीतल्या प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाचं सांगणं समज.

आता लेबल वाचायला शीक. सीलबंद बाटली ताईनं मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून पाठवली, तिच्यावर '४२.८%' असा आकडा आहे. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर तोच दिसतो, कारण ते जुन्या ब्रिटिश मापाचं ७५ प्रूफ आहे. त्या मापात १०० प्रूफ म्हणजे ५७ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. त्याहून २५ अंश खाली म्हणून काही लेबलांवर '२५ यू.पी.' असंही छापलेलं असतं. साहेब गेला, माप राहिलं.

आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे आत काय आहे. आपल्या दुकानांत 'व्हिस्की' म्हणून खपणाऱ्या मालातला मोठा भाग न्यूट्रल स्पिरिटचा असतो. मळीपासून किंवा धान्यापासून अल्कोहोल काढायचं, ते ९६ टक्क्यांपर्यंत शुद्ध करायचं, म्हणजे मूळच्या पदार्थाचा वास-चव काहीच उरत नाही. मग त्यात थोडी माल्ट व्हिस्की, थोडी आयात स्कॉच आणि रंगासाठी कॅरॅमल. युरोपात मळीच्या अशा स्पिरिटला व्हिस्की म्हणून विकताच येत नाही. ते वाईट असतं असं नाही, परवडणारं असतं. पण त्यात शिकण्यासारखं फार थोडं. २०२५ च्या जूनमध्ये आपल्या सरकारनं विदेशी मद्यावरचं शुल्क वाढवलं आणि 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाचा नवा स्वस्त वर्ग काढला; तो धान्यापासूनच बनवायचा अशी अट आहे. तेव्हा ठरलेली १८० मिलीची किमान किंमत देशीची ८०, या नव्या मालाची १४८, साध्या विदेशीची २०५ आणि प्रीमियम विदेशीची ३६० रुपये. क्वार्टरची किंमत माहीत असणं म्हणजे व्हिस्की माहीत असणं नव्हे, पण आपला पैसा कशावर जातो ते कळावं म्हणून सांगितलं.

'सिंगल माल्ट' हा शब्द शोध. सातूला मोड आणायचे, ते वाळवायचे, भरडून गरम पाण्यात गोड रस काढायचा, तो आंबवायचा आणि तांब्याच्या भांड्यात बहुधा दोनदा गाळायचा, रस काढण्यापासून गाळण्यापर्यंत सगळं एकाच डिस्टिलरीत. तांबं शोभेला नसतं. रसातले गंधकाचे घाणेरडे वास ते धरून ठेवतं. गाळून निघतं ते पाण्यासारखं पांढरं असतं. रंग आणि निम्म्याहून जास्त चव लाकडाची. स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं ठेवल्याशिवाय तिला व्हिस्की म्हणता येत नाही. अमेरिकेत बर्बनसाठी दरवेळी नवं, आतून जाळलेलं पिंप वापरायचा कायदा आहे, म्हणून त्यांची एकदा वापरलेली पिंपं जगभर विकायला निघतात आणि आपल्या बंगळूर-गोव्यापर्यंत येतात. व्हॅनिलाचा, ओल्या खोबऱ्याचा वास आला की तो या लाकडातून आलेला आहे असं धर.

सुरुवात स्कॉचनं करू नकोस, गोव्यानं कर. मडगावच्या दक्षिणेला कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी आहे. त्यांची पहिली सिंगल माल्ट २०१२ साली लंडनमध्ये बाजारात आली. शिकणाऱ्यासाठी त्यांच्या तीन बाटल्या म्हणजे तयार इयत्ता आहेत. 'ब्रिलियन्स'मध्ये धूर अजिबात नाही, 'एडिटेड'मध्ये थोडा आहे, 'बोल्ड'मध्ये भरपूर. सातू आपल्या उत्तर भारतातले, सहा रांगांच्या कणसाचे. सातू वाळवताना धुरासाठी जाळायचं पीट मात्र स्कॉटलंडहून येतं. तीनही एकाच भट्टीतल्या असल्यामुळे फरक नेमका कशानं पडला ते नाकाला कळतं.

दुसरी ओळख बंगळूरच्या अमृतची करून घे. जगदाळे कुटुंबानं ती १९४८ साली सुरू केली. नीलकंठ जगदाळ्यांनी २००४ मध्ये भारतीय सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकायला ठेवली. स्कॉटलंडमध्ये जाऊन व्हिस्की विकायची म्हणजे केवढी हिंमत! लोक हसले. मग २०१० च्या 'व्हिस्की बायबल'मध्ये जिम मरे या समीक्षकानं त्यांच्या 'फ्यूजन'ला जगात तिसरा क्रमांक दिला, तेव्हा हसणारे गप्प झाले. 'फ्यूजन'मध्ये भारतीय सातू आणि धुरी दिलेले स्कॉटिश सातू एकत्र आहेत, नाव त्यावरूनच. आता तर आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीलाही सिंगल माल्ट गाळली जाते. पेर्नो रिकार्डची 'लाँजिट्यूड ७७' २०२२ च्या अखेरीला आली. द्राक्षांच्या गावी सातूची व्हिस्की, तीही एकदा चाखून बघ.

या बाटल्यांवर वय बहुधा छापलेलं नसतं. तुझे मित्र "बारा वर्षांची नाही? मग कसली!" म्हणतील, तेव्हा त्यांना हिशोब समजावून सांग. पिंपातून दरवर्षी काही माल हवेत उडून जातो, त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडमध्ये तो वर्षाला दोनेक टक्के असतो, गोव्यात आठच्या आसपास आणि बंगळुरात दहा-बारापर्यंत जातो. आपल्या उन्हाळ्यात लाकूड आणि दारू यांची देवाणघेवाणही झपाट्यानं होते. बारा वर्षं थांबायचं तर पिंपात उरणार काय? चार-पाच वर्षांत ती तयार होते. वयाचा आकडा थंड देशाच्या घड्याळावरचा आहे, तो आपल्या उकाड्याला लावू नये.

आता शिकायचं कसं ते सांगतो. व्हिस्की जिभेला कळते त्याच्या कितीतरी पट नाकाला कळते. तोंडाशी निमुळता होणारा छोटा ग्लास घे. ग्लेनकेर्न नावाचा खास मिळतो, नसेल तर वाइनचा लहान ग्लास चालेल. त्यात ३० मिली, मापानं. 'पटियाला' वगैरे नको. ती ओतून दहा मिनिटं तशीच ठेव. खोलीत उदबत्ती नको, अंगावर सेंट नको. मग नाक ग्लासात खुपसू नकोस, काठाशी ने आणि तोंड किंचित उघडं ठेवून हुंग, म्हणजे अल्कोहोल झोंबत नाही. पहिल्या घोटाला जीभ दचकते, त्यावर मत बनवू नये. दुसरा घोट तोंडात घोळव, गिळ आणि गप्प बस. मागे काय उरतं आणि किती वेळ उरतं, ते बघ.

वही कर. त्यात परक्या पुस्तकातले शब्द उतरवू नकोस. हेदरची फुलं तू कधी हुंगली आहेस? ख्रिसमसचा केक आपल्या घरी कधी भाजला गेलाय? तुझ्या नाकाला जे माहीत आहे ते लिही: पेंढ्यात पिकत घातलेला हापूस, तुपात खमंग होत आलेलं बेसन, काळ्या मनुका, चिंचगुळाची आमटी, संत्र्याची साल, सुंठ, जायफळ, आजोळच्या सागवानी कपाटाचं आतलं अंग. शेरीच्या पिंपातल्या व्हिस्कीत मला खजुराची चटणी सापडते, पुस्तकात ती कुठं लिहिलेली नाही. पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतकं साचलेल्या झाडपाल्याचं जळण. त्याच्या धुरावर वाळवलेल्या सातूला गोवऱ्यांचा, टिंक्चर आयोडीनचा, वाळत घातलेल्या सुक्या बोंबलांचा वास येतो. आपण एमआयडीसीशेजारचे डोंबिवलीकर तर त्यात जास्त तरबेज. २०१४ साली ज्यांनी हिरवा पाऊस पाहिला, २०२० साली ज्यांचा रस्ता गुलाबी झाला आणि वाऱ्याची दिशा बदलली की कुठल्या कंपनीची रात्रपाळी चालू आहे ते जे बिछान्यात पडून सांगतात, त्यांना या धुरकट वासामागच्या फिनॉलची ओळख स्कॉटलंडनं करून द्यायची गरज नाही.

दोन युक्त्या फुकटच्या आहेत. रात्री रिकामा ग्लास न धुता झाकून ठेव आणि सकाळी हुंग. अल्कोहोल उडून गेलेलं असतं, लाकूड आणि धान्य मागे राहिलेलं असतं. दुसरी म्हणजे मित्राला तीन ग्लासांत तीन निरनिराळ्या व्हिस्की, प्रत्येकी जेमतेम दहा मिली, तुझ्या नकळत ओतायला सांग. कुठली कुठली ते ओळखायचा प्रयत्न कर. भारी किमतीचा गर्व पाच मिनिटांत उतरतो.

पाणी घालायचं की नाही, यावर भांडणारे खूप भेटतील. थेंब थेंब घालून बघ. २०१७ साली स्वीडनमधल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी संगणकावर गणित मांडून दाखवलं, की पाण्यानं पातळ केल्यावर ग्वायाकॉल हा धुरकट वासाचा रेणू द्रवाच्या पृष्ठभागाकडे येतो. म्हणजे पाणी घातल्यावर वास खुलतो, या म्हाताऱ्यांच्या म्हणण्यात रसायनशास्त्र आहे. बर्फानं मात्र वास मिटतो. शिकताना तो नको, एरवी मे महिन्यात घातलास तर कुणी तुला फाशी देणार नाही. सोडा आपल्या ब्लेंडेड व्हिस्कीला शोभतो. ती सोड्यात घे, पण 'ब्रिलियन्स'वर सोडा ओतून ती सोड्याच्या भावात घालवू नकोस. आणि चखणा! शेव, शेंगदाणा मसाला, तिखट चकली पुढ्यात असली की जीभ बधिर होते आणि तहान वाढते. परमिट रूमवाले तो फुकट देतात ते उगाच नाही. शिकायच्या दिवशी बरोबर साधं पाणी आणि फार तर चार बदाम. पोट मात्र रिकामं नको, आधी वरणभात खाऊन घे.

पैशाचं म्हणशील, तर तीन-चार समविचारी मित्र मिळून एक बाटली घ्या आणि मापानं वाटून न्या. शिकण्याला विविधता लागते, साठा लागत नाही. दुकानात साठ मिलीच्या छोट्या बाटल्या मिळाल्या तर उत्तम. गुंतवणूक म्हणून बाटल्या घेऊन ठेवणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. आपल्याकडे ती बाटली तुला कायदेशीर विकता येणार नाही. परदेशी स्कॉचवर २०२५ सालापर्यंत तरी १५० टक्के आयात शुल्क होतं. ब्रिटनशी २०२५ च्या जुलैत झालेल्या व्यापार करारात ते आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलंय. तेव्हा स्कॉटलंड कुठं पळून जात नाही. बाटली उभी ठेव, वाइनसारखी आडवी नको, नाहीतर बूच खराब होतं. उजेडापासून दूर ठेव. निम्मी झाली की लहान बाटलीत भरून ठेव, म्हणजे हवा कमी लागते. पुस्तकांच्या मागची जागा त्या दृष्टीनं उत्तमच होती. लपवायला नव्हे, अंधारासाठी.

येऊरचं काय करायचं ते तू ठरव. तिथं शिकणं होणार नाही, स्पर्धा होईल. गेलास तर पहिल्या तासातच कुणाच्या गाडीनं आणि कोणत्या न पिणाऱ्या माणसाबरोबर परत यायचं ते पक्कं कर. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा होतो, आणि "एकच तर घेतली" हे पोलिसांनी रोज ऐकलेलं असतं. तुझ्या ग्लासात कुणी आग्रहानं ओतायला लागलं तर ग्लासावर हात ठेवायचा. ज्याला हे जमत नाही, त्यानं व्हिस्कीची पुस्तकं वाचण्यात वेळ घालवू नये.

त्यानंतर श्रावण आहे. तुझा देवाधर्मावर विश्वास असो नसो, श्रावण पाळ. आपल्या पूर्वजांनी वर्षात एक महिना आयता ठेवलाय, त्याचा उपयोग परीक्षेसाठी कर. महिनाभर एकही थेंब नको. पहिल्या शनिवारी चुकल्याचुकल्यासारखं वाटेल, ते ठीक. पण तिसऱ्या आठवड्यातही संध्याकाळ झाली की चिडचिड होत असेल, हात कपाटाकडे जात असेल, श्रावण कधी संपतो याचे दिवस मोजत असशील, तर तो शौक राहिलेला नाही. मग वही बंद, बाटल्याही बंद. तेव्हा माझ्याकडे ये, लाजू नकोस. पुण्याला अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ साली 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्याला मदतीचा हात दिला. तिथं पोचलेल्यांत चांगली चव ओळखणारे रसिकही होते. जाणकारी माणसाला वाचवत नाही. ती फक्त थांबायची सवय लावते, तीही आपण लावून घेतली तर.

आणखी काही नियम सांगतो, फार नाहीत. एकट्यानं बसायचं नाही. दुःखात, रागात, नोकरीच्या कटकटीवर उतारा म्हणून घ्यायची नाही. आठवड्यातून एखाद्या दिवसापेक्षा जास्त नाही आणि त्या दिवशी दोन छोट्या पेगांच्या पुढे नाही. घरी न पिणाऱ्याला आग्रह नाही, त्याची थट्टा नाही.

राहिली ताई. त्या दोन बाटल्या पुस्तकांच्या मागून काढ आणि समोरच्या फळीवर ठेव. तिला सांग, की हे आहे, इतकं आहे, अमुक दिवशी घेतो. परवानाही दाखव. ती दोन दिवस बोलणार नाही, तिसऱ्या दिवशी तारीख घालून बाटलीवर पेन्सिलीची रेघ मारेल, आणि ती रेघ तुझ्या कुठल्याही निग्रहापेक्षा जास्त कामाची आहे.

गणपती होऊन जाऊ देत, पितृपक्ष संपू दे. दसऱ्यानंतरच्या शनिवारी दुपारीच कोपरला ये. गाडी आणू नकोस, स्लो लोकलनं ये आणि मुक्कामाला ये. 'एडिटेड'चा तुझा वाटा छोट्या बाटलीत आण, 'फ्यूजन' माझ्याकडची काढू. मामी तुला आधी जेवायला घालेल. वही मात्र तुझी तू आण. माझी मी आधी दाखवणार नाही, तुझं लिहून झाल्यावरच दाखवीन.

कळावे.
तुझा,
मामा

ता. क. ताईला हे पत्र वाचायला द्यायला हरकत नाही. भंगारवाल्याचा परिच्छेद तिला विशेष आवडेल.